शेवटचा नियम खरा

त्या काळी माझं डोकं भलतंच तापट होतं. शहरात, सदर भागातल्या आमच्या ऑफिसात बसून मी सावनेरकडच्या एका कोळसा खाणीसाठी प्रोग्रॅम लिहिला होता. कोणत्या पाळीत कोणाला खाली उतरवायचं, याची यादी तो काढायचा. खाणीतले नियम सारखे बदलायचे आणि तिथला हजेरी कारकून दर वेळी मला फोन करायचा. एकदा मी रिसीव्हर असा आपटला की त्याचे दोन तुकडे झाले.

मग मी त्या प्रोग्रॅमच्या पोटातच एक चिमुकली भाषा बसवली. जर, तर, पाठव, थांबव, असे मोजके शब्द. नियम खाणीवाल्यांनी तिथेच टाइप करायचे, माझ्या प्रोग्रॅमला हात लावायचा नाही. दोन नियम एकमेकांच्या विरुद्ध गेले तर शेवटचा खरा, हे मीच ठरवलं. कारकुनाला ते सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही. त्याच्या रजिस्टरात जखमींची नावं सगळ्यात वर, लाल शाईनं असत आणि खाली कोणी काहीही लिहिलं तरी त्यांना खाणीत उतरवत नसत. कॉम्प्युटरवरही त्यानं तसंच केलं. 'जखमी असेल तर थांबव' ही त्याची पहिली ओळ. पाळीच्या साहेबानं तळाशी भर घातली, 'माणसं कमी असतील तर सगळ्यांना पाठव.'

तळहाताला टाके पडलेला एक मजूर त्या यादीनं खाली गेला. छताला लाकडी खांब लावताना त्याची पकड सुटली आणि वरचा दगड त्याच्या डोक्यात पडला. तो जागीच गेला.

मला खाणीवर, कारकुनाच्या खोलीत बोलावून घेतलं. स्क्रीनवर त्या दोन ओळी पाहताच काय झालं ते मला कळलं. तेवढ्यात मेलेल्याचा भाऊ पहारीसारखी लोखंडी सब्बल घेऊन आत घुसला.

"काहून पाठवलं बे त्याले खाली?"

"म्या नाही पाठवलं गा!" कारकून ओरडला. "सगळ्यात वर 'थांबव' लिवलं हाय. साहेब, तुमीच सांगा न याले!"

माझं एक वाक्य पुरलं असतं. पण ती सब्बल पाहून माझ्या तोंडून निघालं, "मशीन लिहिलेलंच करते."

पहिला घाव कारकुनाच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसरा खांद्यावर. तिसऱ्यानं स्क्रीन फुटली. तोवर मी टेबलाखाली शिरलो होतो. भेकड होतो मी, दुसरा शब्द नाही.

दवाखान्यात कारकुनानं विचारलं, "साहेब, माह्यं काय चुकलं?"

"तुम्ही ते 'थांबव' सगळ्यात खाली लिहायला पाहिजे होतं."

तो हात जोडायला गेला, पण एकच उचलला गेला. "मले समजलं नाही, साहेब," तो म्हणाला. "माफ करा."