डाळिंबी सुताखालची पानं

हवालदाराने परातीतली एक कांडी उचलली, झटकली आणि सुताचं टोक ओढायला लागला.

कांडी त्याच्या मुठीत गरगर फिरत होती. भिजलेलं डाळिंबी सूत त्याच्या बुटांवर वेटोळी घालून पडत होतं. माझा थोरला भाऊ, ज्याला मी अन्ना म्हणायची, भिंतीला पाठ लावून उभा होता. त्याला तसं उभं केलं होतं. आमचे वडील, नायना, मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते आणि त्यांना उठू दिलं नव्हतं. दारात एक गोरा सोल्जर बंदूक टेकवून उभा होता. त्याची मान उन्हाने सोलून निघाली होती. अम्मा चुलीपाशी होती. मी नुकतीच नळावरून आले होते, कडेवर भरली घागर होती आणि ती खाली ठेवायचं मला सुचत नव्हतं.

त्या सुताखाली बंदी असलेल्या पुस्तकाचं पान होतं. घरात हे अन्नाला आणि मला, दोघांनाच ठाऊक होतं. पान सापडलं की अन्ना गेला. त्यात दुसरं काही नव्हतं.

मला भीती वाटली नाही. झोप आल्यासारखं झालं. दुपारची वेळ, छपराच्या फटीतून उन्हाचा एक पट्टा खाली आलेला, त्यात कापसाचे तंतू तरंगत होते. माग थांबला की ते तंतू खाली बसायला फार वेळ लावतात. मी त्यांच्याकडेच बघत होते. सगळी माणसं पाण्याखाली उभी असल्यासारखी वाटत होती.

ते पाणीही मला त्याच पुस्तकाने दाखवलं होतं.

तीस सालचा उन्हाळा. सोलापुरात मार्शल लॉ लागला होता. पांढरी टोपी घातलेला माणूस दिसला की धरायचे. आमच्या भवानी पेठेत कुणी टोप्या चुलीत घातल्या, तर एका शेजारणीने आपल्या नवऱ्याच्या टोपीने तवा पुसायला घेतला. गल्लीत माणूस दिसेना. घोड्यांच्या टापा लांबून यायच्या आणि लांबच जायच्या. इतकं शांत की मागच्या गल्लीतला धोटा इकडून तिकडे जाताना ऐकू यायचा.

आम्ही विणकर. घरात तेलुगू, शाळेत मराठी. मला मराठी चौथीपर्यंत शिकवलं आणि मग रहाटावर बसवलं. कांडी म्हणजे बोटाएवढी लाकडी नळी. तिच्यावर बाण्याचं, म्हणजे कापडात आडवं जाणारं, सूत गुंडाळायचं, ती धोट्यात बसते आणि धोटा मागावर धावतो. हे गुंडाळायचं काम बायकांचं. दिवसभर एका हाताने रहाट फिरवायचा, दुसऱ्या हाताने सूत धरायचं. डोकं रिकामंच राहतं.

पुस्तक आणलं अन्नाच्या तालमीतल्या मित्राने. तो छापखान्यात खिळे जुळवायचा. पुस्तक आणलं तेव्हा त्याची शिवण उसवलेली होती, नुसती सुटी पानं. वरचं नाव काढून टाकलं होतं, म्हणजे एखादं पान सापडलं तरी कशाचं ते कळू नये. तालमीतली पोरं पानं वाटून घ्यायची आणि वाचून झाली की बदलायची. अन्नाच्या वाट्याची पानं ठेवायला आमच्या घरात जागा नव्हती. एक खोली, एक माग, एक चूल.

"छपरात खोच," मी म्हटलं.

"पोलीस आधी छपरातच बघतात."

"मग दे इकडे."

मी पान उभं दुमडलं, कांडीवर घट्ट बसवलं, कडा थुंकीने चिकटवली आणि वरून सूत भरलं. अन्ना बघतच राहिला. त्यासाठी मी डाळिंबी सूत घेतलं, कारण ते लग्नसराईच्या लुगड्यांसाठी राखून ठेवलेलं होतं आणि पावसाळा सरेपर्यंत त्याला कुणी हात लावणार नव्हतं. त्या कांड्यांची टोपली बाजेखाली सरकवली.

वाचायचं असेल तेव्हा एक कांडी काढायची, तिचं सूत दुसऱ्या कांडीवर घ्यायचं, खालचं पान मांडीवर परकराच्या घडीत पसरायचं आणि रहाट फिरवत वाचायचं. नायना मागावरून म्हणायचे, "पोरगी कामाला लागली बरं का." अम्मा म्हणायची, "ऊन लागलं असेल."

कुठल्या कांडीखाली कुठलं पान ते कळत नसे. हाताला येईल ते वाचायचं. गोष्ट एका बेटाची होती. तिथल्या राजाने नावाड्यांना गाणी म्हणायची बंदी केली होती, आणि संध्याकाळनंतर दिवा लावायचीही. आपल्या देशाचं नाव कुठे नाही, साहेबाचं नाही. पण तो राजा कोण ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. त्यात एक मुलगी होती, माझ्यापेक्षा थोडी मोठी. ती पहाटे होडी काढायची आणि या काठाची गाणी त्या काठाला पोचवायची. तोंडाने म्हणून नाही, वल्ह्याच्या ठोक्यांनी. ऐकणाऱ्याला ठोक्यांवरून गाणं कळायचं.

मी समुद्र पाहिला नव्हता. मोठं पाणी म्हणजे सिद्धेश्वराचं तळं, तेही उन्हाळ्यात आटायचं. पण रहाट फिरवताना मी त्या होडीत असायची. नायनांचा धोटा खटखट करायचा आणि मला ते वल्हं वाटायचं. उन्हाचा पट्टा जमिनीवरून सरकायचा, तो काठ वाटायचा. अम्माने भाकरीला हाक मारली की मी ओली नाही याचं मला नवल वाटायचं. शाळेत असं कधी झालं नाही. शाळेत छड्या होत्या.

अन्नाचा मित्र यायचा तेव्हा दारातूनच विचारायचा, "काय मास्तरीणबाई, राजा मेला का?"

"काल मेला होता. आज जेवायला बसलाय."

"उद्या?"

"उद्या बहुतेक जन्माला येईल."

तो इतका हसायचा की नायना माग थांबवून बघायचे. ती मुलगी शेवटी पलीकडे पोचते का, हे त्याला माहीत होतं. सगळी पानं त्याने वाचली होती. मी विचारलं तर म्हणाला, "सांगितलं तर कांड्या भरायची बंद होशील. नायना मला बडवतील."

मग छापखान्यावर धाड पडली आणि तो सापडला. त्याच्या पेटीत त्या पुस्तकाचं वरचं पान निघालं, नावासकट. जाळून टाकतो असं त्याने सगळ्यांना सांगितलं होतं. त्याच्यावरची अक्षरं फार सुरेख जुळवली होती म्हणे, म्हणून जाळवेना. असल्या कारणाने माणूस आत जातो.

अन्ना घरी आला तो पांढराफटक पडून. "पानं जाळून टाकू," म्हणाला.

"कागदाचा वास गल्लीभर जाईल."

"मग?"

"कांडीत कोण बघतं?"

तेही खरंच होतं. पण एक गोष्ट आमच्या दोघांच्या ध्यानात आली नाही. नवी पेठेतली सुताची दुकानं बंद होती. घरातलं पांढरं सूत संपत आलं होतं. दुसऱ्या दिवशी मी नळावर गेले असताना नायना अम्माला म्हणाले, "बाजेखालचं डाळिंबी काढ. बसून काय करू?"

अम्माने टोपली ओढली. बघते तर सगळ्या कांड्या कोरड्या ठणठणीत. आमच्याकडे उन्हाळ्यात बाण्याचं सूत कोरडं लावत नाहीत, पटापट तुटतं. कांडी आधी पाण्यात घालायची, सूत नरम करायचं आणि मग धोट्यात. हे विणकराच्या घरात चालायला लागलेल्या पोरालाही ठाऊक असतं. अम्माने मला दोन शिव्या हासडल्या असतील आणि सगळ्या कांड्या परातीत ओतून वर पाणी घातलं.

मी घागर घेऊन गल्लीत शिरले, माझ्या मागून पोलीस शिरले. मी आत पाऊल टाकलं आणि परात बघितली. पाणी लालभडक झालं होतं. ते सूत पक्क्या रंगाचं म्हणून व्यापाऱ्याने नायनांच्या गळ्यात मारलं होतं, आणि रंग निघाला कच्चा.

हवालदाराने बाज उलटी केली, गाडगी बघितली, छपरात काठी घातली. काहीच मिळेना म्हणून चिडून त्याने ती कांडी उचलली.

सूत संपलं. खालून लाल लगदा निघाला.

"ह्ये काय रं?"

अन्नाने डोळे मिटले. मी नायनांकडे बघितलं. त्यांना काही माहीत नव्हतं, पण अन्नाने डोळे मिटलेले त्यांनी बघितलं असावं.

"कागद, साहेब," नायना म्हणाले. "नळी गुळगुळीत असते. सूत घसरतं. म्हणून रद्दी गुंडाळायची."

"कसली रद्दी?"

"मला वाचायला येत नाही. पोरीच्या शाळेतली असेल."

हवालदाराने लगदा उलगडायचा प्रयत्न केला. अर्धा बोटांना चिकटला, अर्धा पान म्हणून राहिला. त्याने तो उन्हाच्या पट्ट्यात धरला. सगळं लाल. मग माझ्याकडे वळला.

"ए पोरी, हिकडं ये. काय लिवलंय ह्यात?"

मी घागर खाली ठेवली आणि पान हातावर घेतलं. रंगात अक्षरं बुडाली होती. फक्त एका कोपऱ्यात थोडी दिसत होती. हे पान मी वाचलेलं नव्हतं.

"पाढे आहेत," मी म्हटलं.

"कसले?"

"एकोणतीसचे."

"म्हन की मग."

"एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी…"

तोंड पाढे म्हणत होतं आणि डोळे कोपऱ्यात होते. तिने वल्हं पाण्यातून वर घेतलं, असं तिथे होतं. वारा पडला होता. पलीकडच्या काठावर कुणीतरी, आणि पुढे सगळं लाल. माझा पाढा चालूच होता. मला आठवतं, माझ्या पायांना गार लागत होतं. घागर कलंडून पाणी सांडलं होतं, पण तेव्हा मला ते तसं वाटलं नाही.

"बास, बास! मास्तरनी हाय का काय!" हवालदार म्हणाला. त्याने पान माझ्या हातातून घेतलं, पिळलं आणि परातीत फेकलं.

तेवढ्यात अम्मा पुढे आली. तिला मराठी मोडकंतोडकंच यायचं. "पाय काढा, साहेब! सुतावर पाय! खायचं काय आमी?"

"काढतो की मावशे, वरडू नगंस," म्हणून त्याने खरंच एकेक बूट उचलला आणि अम्माने खालून सूत ओढून घेतलं. दारातला सोल्जर हसला. पुन्हा कुणी परातीला हात लावला नाही.

अन्नाला मात्र नेलं. त्या मित्राच्या ओळखीच्या सगळ्याच पोरांना नेत होते. काही दिवसांनी सोडला. तळपायांवर मारलं होतं. पाऊस लागेपर्यंत त्याला मागाच्या पावड्या दाबता आल्या नाहीत. पण कागद सापडला नव्हता, म्हणून परत तरी आला.

ते लोक गेल्यावर नायना मागाच्या खड्ड्यातून उठले. परातीतून लगदा काढून चुलीमागे टाकला आणि म्हणाले, "ओलं आहे तोवर लावून टाकू." अम्मा मात्र आठवडाभर शेजारणींना सांगत होती, "चौथी शिकली आणि वैशाखात कांड्या कोरड्या ठेवते! हिला कोण करून घेणार?" तिला खरं काय ते कधी कळलं नाही. सांगायचं काही कारणही नव्हतं.

ते लुगडं नायनांनी विणलं. सुताला चिकटलेले कागदाचे बारीक कण त्यात गेले, लाल जमिनीवर पांढरट ठिपके पडल्यासारखे. दुकानं उघडल्यावर व्यापारी कुरकुरला आणि मग नक्षी आहे असं सांगून त्याने ते विकलं. कुणीतरी नेसलं असेल, धुतलं असेल. मी रहाटावरच बसले. ती होडी मध्येच थांबलेली राहिली. पुढे त्या पुस्तकावरची बंदी उठली असेल, पण मला नाव ठाऊक नव्हतं आणि मी शोधलंही नाही.

अन्नाचा मित्र तुरुंगात तापाने गेला. अन्ना म्हातारा होऊन घरात गेला, त्याच्या आधी नायना, मग अम्मा. त्या खोलीतली मी तेवढी अजून आहे.