तुमची बंदी कधी?

एका आंबा पल्पवाल्या कंपनीच्या पोस्ट लिहिणं हा माझा धंदा. 'कोकणचा अस्सल गोडवा' मी इतक्या तऱ्हांनी लिहिला होता की आंब्याचं नाव काढलं तरी मळमळायचं. जुलैत तर डोकं पारच बंद पडलं. मग लॅपटॉप बगलेत मारून रोज बंदरावर जायला लागलो.

तिथे वर ओढून झाकलेल्या होडीच्या आडोशाला एक खलाशी आडवा असायचा. बनियन छातीपर्यंत गुंडाळलेलं, तोंडावर टोपी. झोपेतच पोट खाजवायचा. पावसाळ्यातली मासेमारीबंदी हा गृहस्थ इतक्या निष्ठेने पाळायचा की सरकारने सत्कार करावा.

एकदा त्याने टोपी जराशी सरकवली. "काय टायपतंस रे सारखा?"

"लोकांनी माल घ्यावा म्हणून रोज लिहितो."

"मग तुमची बंदी कधी?"

"आम्हाला बंदी नसते."

तो चक्क उठून बसला. "बारा म्हयने जाळा टाकतंस? मेल्या, म्हावऱ्याला अंडी कधी घालू देतंस? आता जाळ्यात गावतंय तरी काय?"

"शेवाळ," मी म्हणालो.

तो खोकला येईपर्यंत हसला. मी तिथूनच साहेबांना मेसेज टाकला, 'माझी बंदी लागली. नारळी पौर्णिमेनंतर भेटू.'

लगेच उत्तर आलं, 'हुक कडक आहे! यावर सिरीज कर.'

मी ते त्याला वाचून दाखवलं. हुक म्हणजे वाचकासाठी टाकलेला गळ, हेही सांगितलं.

"तुझा शेट अंडीपन नाय सोडनार," तो म्हणाला आणि सरकून त्याने जागा केली.

मी लॅपटॉप मिटून उशाला घेतला.