वडूज ते मिरज: एक जादा ऑइल कूलर आणि आबांची तपासणी

आबांना तपासणीसाठी मिरजेला न्यायचं ठरलं तेव्हा आईचं म्हणणं होतं, गावातली भाड्याची जीप करू, तू परस्पर दवाखान्यात ये. मी म्हटलं, छे, मीच नेणार, माझ्या गाडीतून. एवढं बोलून फोन ठेवला आणि पुढचे चार दिवस त्याच गोष्टीची काळजी करत बसले.

आबा म्हणजे माझे वडील. सैन्यात वीस वर्षं ट्रक चालवला, निवृत्त झाल्यापासून वडूजजवळच्या आमच्या गावात शेती करतात. मार्चमध्ये त्यांच्या छातीत दुखलं आणि एक स्टेंट बसला. आता डॉक्टर त्यांना ट्रेडमिलवर चालवून बघणार होत्या. हृदयाने साथ दिली तर ठीक, नाहीतर पुन्हा दाखल व्हायचं. शनिवार, दुपारी दोनची वेळ. उशीर झाला की पुढची तारीख महिन्याभराने.

गाडीविषयी नव्या वाचकांसाठी थोडं सांगते. माझी जुनी घेतलेली टर्बो पेट्रोल सेडान आहे, ऑटोमॅटिक, ताकद मागच्या चाकांना जाते. मे महिन्यात महाबळेश्वरला निघाले असताना पसरणी घाटात रविवारच्या गर्दीत अडकले आणि गिअरबॉक्स तापल्याचा दिवा लागला. दहा मिनिटं बाजूला थांबल्यावर दिवा गेला. माझ्या डोक्यातून मात्र गेला नाही. पुण्यात परतल्यावर कंपनीने दिलेली तेल थंड करण्याची सोय बाजूला काढून मी पुढच्या बंपरमागे भलामोठा ऑइल कूलर बसवून घेतला. गॅरेजवाले म्हणाले, "मॅडम, मध्ये थर्मोस्टॅट टाकू. तेल गरम झाल्याशिवाय कूलरकडे जाणार नाही." मी नको म्हटलं. तो थर्मोस्टॅटच अडकला तर? बिघडणारी आणखी एक वस्तू कशाला? डॅशबोर्डवर गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान दाखवणारा काटाही लावून घेतला. डिफरन्शियलला, म्हणजे मागच्या दोन चाकांमध्ये ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याला, कूलर बसवायचा तेवढा राहिला होता आणि त्याचीच मला रुखरुख होती.

डिसेंबरातली पहाट, साडेपाचला पुणे सोडलं. एवढ्या लवकर निघालात तर साताऱ्यापर्यंत रस्ता मोकळा मिळतो, ट्रक सोडले तर. खंबाटकी चढताना काटा साठपर्यंत गेला, घाट उतरल्यावर अठ्ठेचाळीसवर येऊन बसला. अठ्ठेचाळीस. मला इतकं बरं वाटलं की साताऱ्यात मिसळ खाताना मी मैत्रिणीला त्या काट्याचा फोटो पाठवला. मिसळ नव्वद रुपयांना, पाव मागाल तेवढे, आणि तिखट जपून.

कोरेगाव सोडलं आणि पहिला झटका बसला. तिसऱ्यातून चौथ्या गिअरमध्ये जाताना गाडी अडखळली, मग मागून कुणीतरी ढकलल्यासारखी पुढे गेली. मग दुसरा. पुसेगावपर्यंत मी मोजत होते, अकरा झाले. इंजिनचे फेरेही नेहमीपेक्षा जास्त दिसत होते. जूनपासून गाडी शहरातच फिरली होती, थंडीतला लांबचा रस्ता हा पहिलाच. गिअरबॉक्सचं तेल तर थंड आहे, मग हे डिफरन्शियलच असणार, कूलर नाही ना त्याला, असं मी स्वतःला समजावलं. दोन्ही बाजूंना शाळू उभा होता, कोवळं ऊन पडलं होतं, आणि मला त्यातलं काही म्हणता काही दिसलं नाही.

दहाला घरी पोचले. जीप तोवर एका वऱ्हाडाबरोबर फलटणला गेली होती. आईने डब्यात भाकरी आणि पावट्याची उसळ भरली. झटक्यांबद्दल मी कुणालाच सांगितलं नाही. आबा पुढच्या सीटवर बसले. ते बसताना धापा टाकतात का, हे मी बघत होते. जरा टाकत होते. मार्चपासून मी त्यांना शेतात जाऊ दिलेलं नाही. ट्रॅक्टरची किल्ली मी माझ्या पर्समध्ये घालून पुण्याला नेली होती, आणि रोज सकाळ-संध्याकाळ फोन करून विचारायचे, आज कुठे गेला नाहीत ना?

मायणीच्या अलीकडे आबा म्हणाले, "गिअर झटका मारतुय. कवापासनं?"

"कोरेगावपासून."

"आन तू गप?"

"तुम्हाला टेन्शन नको म्हणून."

"मला न्हाई टेन्शन. थांबीव त्या टपरीपाशी."

सव्वाअकरा झाले होते. मिरज अजून ऐंशी-नव्वद किलोमीटर. मी माझी सगळी भीती त्यांच्यापुढे ओतली: डिफरन्शियल तापलंय, आतले गिअर घासले जाणार, विट्याच्या पुढे गाडी बंद पडणार, दोनची वेळ जाणार. ते उतरून मागे गेले आणि वाकायला लागले. मी दंड धरला त्यांचा.

"मग तू घाल हात," ते म्हणाले. "आधी उलटा हात लांबनं धर. चटका न्हाई लागला तर तळवा लाव. आमी घाट उतरलो की पयलं ह्येच करायचो. धा मोजंपत्तुर हात टिकला तर गाडी खुशाल न्यायची."

टपरीवाल्याने पोतं अंथरायला दिलं. मी गाडीखाली हात घातला, आबांनी सावकाश दहा आकडे मोजले. तो डबा पिण्याजोग्या दुधाइतका कोमट होता.

"ह्येला काय धाड भरली न्हाई. आता फुडं चल." बॉनेट उघडून त्यांनी माझ्या लाडक्या कूलरला बोट लावलं. "ह्यो तर थंडगार हाय. तेल किती गरम पायजे?"

"ऐंशी-नव्वद अंश."

"आन काटा किती दावतुय?"

"अठ्ठेचाळीस," मी म्हटलं आणि मला माझाच आवाज विचित्र वाटला. इतके महिने मी तो काटा फक्त वर जातो का, एवढंच बघत होते.

आबा हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. "लेहला आमी रेडिएटरच्या तोंडाला ताडपत्री बांधायचो. न्हाईतर तेल पाकावानी घट. मग गिअर पडतुय व्हय सरळ? गाडी हळूहळू तापू द्यायची आसती, पोरी."

टपरीवाल्याकडून बिस्किटांचा रिकामा खोका घेतला, त्याचा पुठ्ठा फाडून कूलरच्या तोंडाशी बसवला, सुतळीने बांधला. इंजिनचा रेडिएटर वेगळा आणि वर असल्यामुळे तो मोकळाच राहिला. गाडीच्या गरम होण्याला मी स्वतःच्या हाताने वाट करून देत होते. दोन चहांचे वीस रुपये झाले, खोक्याचे त्याने घेतले नाहीत.

मायणी ओलांडताना काटा साठ. विट्याच्या आधी सत्तर, आणि मी दोनदा म्हटलं की पुठ्ठा काढूया. "रस्त्याकडं बघ," आबा म्हणाले. विटा गेलं, काटा ब्याऐंशीवर स्थिर झाला, आणि गिअर कधी पडतात ते कळेनासं झालं. तासगावच्या पुढे द्राक्षबागांमधून जाताना आबा डुलक्या घेत होते. त्यांचा श्वास चाललाय ना, हे मी तरीही बघत होते. पावणेदोनला मिरज.

ट्रेडमिलच्या खोलीच्या दाराला काच होती. आत आबा चालत होते, छातीला वायरी, पडद्यावर हृदयाच्या ठोक्यांचे आकडे. शंभर, एकशे दहा, एकशे पंचवीस. प्रत्येक आकड्याला मला वाटे, थांबवा आता, पुरे. कुणी थांबवलं नाही. मी काचेकडे पाठ केली आणि भिंतीवरची आहाराची सूचना चार वेळा वाचून काढली.

डॉक्टरांनी रिपोर्ट समोर ठेवला. "हृदय व्यवस्थित आहे. काही करायची गरज नाही. पण पाय फार लवकर थकले आणि दमही त्यामुळेच लागतोय. मार्चमध्ये मी रोज चालायला आणि हळूहळू कामाला लागायला सांगितलं होतं. हे घरात बसून होते का?"

आबा खिडकीबाहेर बघत राहिले. माझं नाव त्यांनी घेतलं नाही.

"मी बसवलं," मी म्हटलं. "मी कुठे जाऊच दिलं नाही त्यांना."

"आता जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "थोडं थोडं वाढवत न्या. छातीत दुखलं तर लगेच थांबायचं आणि इकडे यायचं. पण बसवून ठेवू नका."

तुम्ही काय म्हणणार ते मला ठाऊक आहे. माझे वडील म्हणजे गिअरबॉक्स नव्हेत, आणि मला ती तुलना करायचीही नाही. मला लाज वाटली, एवढंच. दवाखान्याच्या आवारात मी पर्समधून ट्रॅक्टरची किल्ली काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती सदऱ्याच्या खिशात टाकली. "डब्यात काय दिलंय आईनं?" त्यांनी विचारलं. आम्ही गाडीतच भाकरी खाल्ली. परतताना सांगलीत भडंग घेतलं, अर्धा किलो, घरी पोचेपर्यंत निम्मं संपलं.

आता तुमच्यापैकी अनेकांनी विचारलेला प्रश्न. परफॉर्मन्स कारला, म्हणजे जादा ताकदीच्या गाडीला, गिअरबॉक्सचा आणि डिफरन्शियलचा ऑइल कूलर लागतो का? रेसच्या ट्रॅकवर सलग फेऱ्या मारणार असाल, किंवा इंजिनची ताकद बरीच वाढवली असेल, तर लागतो, आणि त्यात थर्मोस्टॅट हवाच. पुणे-सातारा-सांगलीसाठी नाही. घाटात दिवा लागला तर बाजूला थांबा, इंजिन चालू ठेवा, चहा प्या. डिफरन्शियलचं तेल वेळेवर बदललं तरी आपल्या रस्त्यांना पुष्कळ झालं. मी कंपनीची मूळ सोय पुन्हा जोडून घेतली आणि मोठा कूलर विकायला काढलाय. काटा ठेवलाय. तो काढायची हिंमत अजून नाही.

परवा सकाळी अकराला घरी फोन केला. आबांनी उचलला नाही. पाच मिनिटांनी पुन्हा केला, मग लगेच तिसऱ्यांदा. आईचाही लागेना. ते शेतात पालथे पडलेत, आजूबाजूला कुणी नाही, असं सगळं चित्र माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. शेजारच्या काकांचा नंबर काढून ठेवला. मग फोन टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले, लहानपणी शाळेत बसायचे तशी. त्यानंतर मी कुणालाही फोन केला नाही. ते दोन तास मला किती जड गेले ते सांगत नाही.

सव्वाएकला त्यांचा फोन आला. मागे ट्रॅक्टर धडधडत होता, त्यामुळे ते ओरडून बोलत होते.

"फोन केल्तास का गं? काय काम हुतं?"

"काही नाही," मी म्हटलं. "चालू द्या तुमचं."