पाणीकाका आणि मधला खडक

पाणीकाकांना घाई केलेली अजिबात खपायची नाही. रिफायनरीतून निवृत्त झालेले, निजामपुऱ्यात राहणारे काका दर उन्हाळ्यात आम्हा बडोदेकरांना पहाडातल्या नदीवर राफ्टिंगला न्यायचे आणि प्रत्येक मोठ्या उतारापाशी राफ्ट काठाला लावून सगळ्यांना खाली उतरवायचे. "आधी पाणी बघा, मग थेपले खा!"

"काका, काल तर इथूनच गेलो," असं कोणी म्हटलं की ते उखडायचे. "ते कालचं पाणी होतं रे बाबा! बर्फ वितळलं की दुपारी नदी फुगते." पाणी कमी असलं की दगडांमधून वळणं घेत जायचं, बेताचं असलं की लाटांवर मजा करायची, आणि फुगलं की मुकाट्याने राफ्ट उचलून काठाने चालायचं. आम्ही नाकं मुरडत चालायचो.

लाइफ जॅकेटचे पट्टे तर असे आवळायचे, की माझी लेक सई म्हणायची, "काका, श्वास तरी घेऊ द्या!"

"काठावर गेल्यावर घे. घणो टाइम छे, भरपूर वेळ आहे!"

एका उताराच्या मधोमध मोठा खडक होता. त्याचं डोकं दिसत असेल तर डावीकडून जायचं. खडक बुडाला असेल तर त्याच्यामागे पाणी असं गरगरतं, की माणूस आत ओढला जातो. तेव्हा तिथून जायचंच नाही, हा काकांचाच नियम.

एका मे महिन्यात, भर दुपारी, काका तिथे काठावर उभे राहून म्हणाले, "खडक दिसतोय. चालो, बसा!"

मी बघितलं. कुठला खडक? नुसता पांढरा फेस उसळत होता.

"काका, तो फेस आहे."

"आता तू मला शिकवणार?"

तेवढ्यात झाडाची भली मोठी फांदी वाहत आली, त्या फेसात शिरली आणि गडप झाली. सगळे ओरडले. काकांनी विचारलं, "काय झालं?"

एवढी मोठी फांदी त्यांना दिसलीच नव्हती.

आम्ही राफ्ट उचलली. काठाच्या वाटेवर काकांनी माझा दंड धरला. "कोणाला सांगू नकोस हं. माझी नदी बंद करतील."

"कधीपासून दिसत नाही, काका?"

"मागच्या वर्षीही खडक दिसला नव्हता. अंदाजाने नेलं."

मागच्या वर्षी राफ्टमध्ये सई सगळ्यांत पुढे बसली होती. मला इतका संताप आला, की त्यांचा हात झटकून टाकावासा वाटला. पण वाट उताराची होती आणि ते चाचपडत पाऊल टाकत होते. मी त्यांना धरून खाली नेलं.

संध्याकाळी जेवताना मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. काका ताटावरून उठले. त्यानंतर ते कधी नदीवर आले नाहीत, आणि आमच्या घरीही.