आईच्या बरणीतलं शुद्ध मीठ

कच्चे आंबे मिठाच्या पाण्यात घालून वर्षभर टिकवणं आमच्या रत्नागिरीत कुणालाही जमतं. मला जमत नाही. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते, आणि माझ्या खारातल्या आंब्यांना दरवर्षी बुरशी येते. आई पूर्णगडाहून यायची, बरणीत डोकवायची आणि हसायची. "सोडियम काय देतो, क्लोरीन काय घेतो, सगळं पोरींना सांगतेस. मग तुझ्या बरणीला बुरशी कशी गो येते?" अस्सा राग यायचा मला! प्रमाण विचारलं की म्हणायची, "हाताला कळतं." काट्यावर मोजून दाखव म्हटलं की तोंड फिरवायची.

गेल्या श्रावणात आई गेली. तिच्या हातची एक बरणी माझ्याकडे होती. त्यातले आंबे मी जपून जपून माघापर्यंत पुरवले. शेवटी उरला नुसता खार. तिच्या हाताचं प्रमाण एकदा कळावं, एवढंच मला हवं होतं. निदान यंदाचे आंबे तिच्यासारखे लागले असते.

आयनिक संयुग पाण्यात विरघळलं की त्याचे आयन सुटे होतात. म्हणून तर मिठाच्या पाण्यातून वीज जाते आणि वर्गात माझा बल्ब लागतो. पाणी उडून गेलं की तेच आयन पुन्हा एकमेकांना धरतात. इतकी वर्षं हे फळ्यावर लिहितेय. म्हटलं, मग आईचं मीठही परत येईल की!

चैत्राच्या उन्हात खार काचेच्या ताटात ओतून गच्चीवर ठेवला. चार दिवसांत तांबूस, चिकट मीठ धरलं. वास तर असा, की आईच शेजारी कैऱ्या पुसत बसलीय. पण वजन करायचं तर मीठ शुद्ध हवं. सवय मेली, दुसरं काय! थोड्या पाण्यात विरघळवलं, गाळलं, पुन्हा उन्हात ठेवलं. स्फटिक धरले तसं वरचं तांबूस पाणी मोरीत ओतलं, वर दोन तांबे पाणी टाकलं.

उरलं ते पांढरंशुभ्र, चौकोनी, सपाट कडांचं. वर्गात दाखवावं असं. जिभेवर ठेवलं. खारट. दुकानातल्या पुडीतलं लागतं तसं नुसतं खारट. आईचं त्यात काही म्हणजे काही नव्हतं. आणि वजन तरी कशाचं करणार? कितीतरी मीठ आंब्यांनी ओढून घेतलेलं, ते मी केव्हाच खाल्लं होतं. एवढं साधं मला सुचू नये? भर उन्हात गच्चीवर बसून रडले.

यंदा आंबे घातलेच नाहीत. आईची बरणी तेवढी धुतलेली नाही. झाकण उघडलं की तो वास येतो, आणि दर वेळी थोडा कमी येतो. म्हणून आता उघडायची नाही असं मी ठरवलंय.

आज सकाळी उघडली.