वाफेत बोलायचं असतं

आत्याबाई, म्हणजे माझ्या नवऱ्याची सख्खी आत्या, आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर एक ट्रंक होती आणि फडक्यात गुंडाळलेली एक सुरी होती. उभा जन्म त्यांनी एका मोठ्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काढला. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. माझा नवरा आईवेगळा, त्याला त्यांनीच तिथल्या पातेल्यांच्या खणखणाटात लहानाचा मोठा केला. त्यामुळे घरात त्यांचा शब्द खाली पडत नाही. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो आणि महिन्यातले थोडेच दिवस घरी असतो, म्हणून तो शब्द झेलायला मी एकटीच.

मी शिलाईच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बसते. सुटलेला धागा, तिरपं बटण, सुईचं जास्तीचं भोक, काही असो, माझ्या नजरेतून सुटत नाही असं मालकीण म्हणते. मीही तसंच समजून होते.

आणि आमची पोर. वय वर्षं पाच, घरातलं नाव फौजदार. तिला कुणी मदत केलेली खपत नाही. बूट उलटे घालील आणि दिवसभर तसेच मिरवील, पण हात लावू देणार नाही. एके दिवशी तिने जाहीर केलं की यापुढे अंडं ती फोडणार. मी नाही म्हटलं. तिने फरशीवर अंग टाकून जो सूर धरला, तो वरच्या मजल्यावर ऐकू गेला असेल. मी तिला तसंच लोळू दिलं असतं. आत्याबाई म्हणाल्या, "अगं, तिला स्टूल दे."

त्या स्टुलापासून सगळं सुरू झालं. पहिली काही अंडी ओट्यावर, काही फौजदाराच्या केसांत. आत्याबाई कधी ओरडल्या नाहीत, कधी तिचा हात धरला नाही. "आता काय झालं ते सांग," एवढंच म्हणायच्या. पोर सांगायची. मग उकडलेले बटाटे, मग काकडी, मग कांदा, आणि हळूहळू गॅसपाशी उभं राहून भात ढवळणं. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंनी तोंडात बोटं घातली. त्यांचा पोरगा दहा वर्षांचा घोडा झाला तरी त्याला पाण्याचा पेला हातात द्यावा लागतो. मला ते ऐकून बरं वाटायचं आणि भीतीही वाटायची. पाच वर्षांची पोर, उघडी ज्योत आणि धारदार सुरी. मी कामावर असताना हे चालू ठेवायचं की बंद करायचं, हे माझं काही ठरत नव्हतं.

आत्याबाईंच्या शिकवण्यात एकच नियम होता, तो त्या वसतिगृहातला. तिथे मोठमोठ्या पातेल्यांची वाफ इतकी दाटायची की शेजारचा माणूस दिसायचा नाही. म्हणून तिथे सगळे मोठ्याने बोलत काम करायचे. मागून गरम येतंय. झाकण उघडलं. सुरी खाली ठेवली. जो गप्प राहील त्याला पहिल्याच दिवशी बाहेर काढायचे, कारण गप्प माणूसच दुसऱ्याला भाजतो. "वाफेत बोलायचं असतं," आत्याबाई म्हणायच्या. आमच्या टीचभर स्वयंपाकघरात कसली आलीय वाफ? पण फौजदाराला तो नियम भलताच आवडला. कांदा पांढरा आहे, आता कडेला पिवळा, आता वास आला, मी पळी ठेवली. आकाशवाणी नुसती.

पुढे पुढे ती आकाशवाणी स्वयंपाकघराबाहेर पडली. अंघोळ करताना बंद दाराआडून तिचा आवाज यायचा, "पाणी खाली चाललंय. गोल फिरतंय. आता जाळीत एक केस आहे." झोपेत कूस बदलताना स्पष्ट म्हणायची, "झाकण हललं." शाळेतल्या बाईंनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, मुलगी हुशार आहे, पण वर्गात बसून कुणाला तरी सगळं सांगत असते. बाईंचं तोंड हसतंय, डोळे हसत नाहीत, असं ती त्या दिवशी बाईंच्या समोरच म्हणाली होती. "घरी कुणाशी बोलते ती?" बाईंनी विचारलं. मी म्हटलं, आत्याबाईंशी. पण घरी येताना राहवलं नाही. मी तिला विचारलं, "वर्गात कुणाला सांगत होतीस?" ती म्हणाली, "ज्याला दिसत नाही त्याला."

आत्याबाईंचंही काहीतरी वेगळंच चाललं होतं. मी खुर्चीतून उठून खिडकीशी गेले तरी त्या रिकाम्या खुर्चीशी बोलत राहायच्या, अगदी मान हलवून, हसून. स्वयंपाकघरातला दिवा त्यांना लावलेला चालायचा नाही, उकडतं म्हणायच्या. मिठाची बरणी बोटभर सरकली तर घर डोक्यावर घ्यायच्या. बाजारात जाताना फौजदाराचं बोट धरायच्या. म्हातारपण, असं मी मनाशी म्हणायचे आणि शर्टांच्या चुका काढायला निघून जायचे.

एका संध्याकाळी कारखान्यातली यंत्रं बंद पडली आणि आम्हाला लवकर सोडलं. मी घरी आले तेव्हा उजेड जवळजवळ गेला होता. दार नुसतं लोटलेलं. आत एकही दिवा नाही. मी हाक मारणार इतक्यात आतून पोरीचा आवाज आला, हळू आणि सरळ, पाढे म्हणावेत तसा.

"दार उघडलं. ती आली. उंबऱ्यात उभी आहे. पिशवी खाली ठेवली. चप्पल काढत नाहीये. ती घाबरलीय."

त्या अंधारात माझ्याच घरात कुणीतरी मला बघत होतं आणि कुणाला तरी माझी बातमी देत होतं. आणि त्या सगळ्याखाली एक दुसरा आवाज चालू होता, टक टक टक, न थांबणारा.

मी पुढे झाले. गॅसच्या निळ्या उजेडात फौजदार स्टुलावर उभी होती, तोंड माझ्याकडे. तिच्या शेजारी आत्याबाई गाजर चिरत होत्या. त्या जुन्या सुरीने, मला जमणार नाही इतक्या वेगाने, आणि त्यांची मान गाजराकडे नव्हती. त्या सरळ समोरच्या भिंतीकडे बघत होत्या.

मी दिवा लावला. पोरीने डोळे बारीक केले. आत्याबाईंची पापणीसुद्धा लवली नाही. त्यांनी हलक्या आवाजात पोरीला विचारलं, "दिवा लावला का गं तिने?"

रिकामी खुर्ची, मिठाची बरणी, बाजारात धरलेलं बोट, सगळं एकदम समजलं. आत्याबाईंना दिसत नव्हतं.

"कधीपासून?" मी ओरडले.

"आले तेव्हा सावल्या दिसायच्या," आत्याबाई सुरी खाली ठेवत म्हणाल्या. "मग त्याही गेल्या. डॉक्टरांचं करून झालंय आधीच. आता त्यात काही होण्यासारखं नाही."

"आणि तुम्ही माझ्या पोरीला गॅसपाशी उभं केलंत? दिसत नसताना? आणि तिला गप्प राहायला शिकवलंत?"

"मला कुणी नाही शिकवलं," फौजदार स्टुलावरून म्हणाली. "तूच कधी विचारलं नाहीस. आत्याआजीच्या डोळ्यांत वाफ गेलीय. मग सांगावं लागतं ना!"

माझं डोकं फिरलं होतं. मी दोघींनाही तिथून बाहेर काढलं. आजपासून स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, पोरीने नाही आणि तुम्हीही नाही, असं मी आत्याबाईंना तोंडावर सांगितलं. ज्या बाईपुढे माझा नवरा आवाज चढवत नाही, तिला. त्या एवढंच म्हणाल्या, "मला कोपऱ्यात बसवू नकोस गं. माझं मला येतंय तोवर करू दे." मी ओटा घासून काढला आणि माझ्या सोयीने सगळ्या बरण्या हलवल्या. सुरी वरच्या फळीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. घर असं गप्प झालं की नळाचा थेंब ऐकू यावा. फौजदाराने माझ्यावर असहकार पुकारला होता. ती बोलतच नव्हती, माझ्याशी नाही, कुणाशीच नाही. पुढच्या खोलीत आत्याबाई खाटेवर बसल्या होत्या. पोर त्यांच्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर होती, ओठ घट्ट मिटून. "फौजदार?" आत्याबाईंनी हाक मारली. उत्तर नाही. त्यांनी हात पुढे केला तो भलत्याच बाजूला, आणि तो हात हवेत थोडा वेळ तसाच फिरत राहिला. पोर बघत होती. मीही दारातून बघत होते. आम्ही दोघी तिथे होतो आणि त्यांच्या लेखी खोलीत कुणी नव्हतं. मला त्या घरात अशी भीती कधी वाटली नव्हती, आणि ती भीती माझीच मला वाटत होती.

दुपारी मी दूध तापत ठेवलं होतं. आत्याबाई भिंत धरून आत आल्या. मी ओट्याच्या टोकाला उभी होते. मी श्वास रोखला. का रोखला, मला आजही सांगता येणार नाही. कदाचित त्यांना खरंच काय येतं ते मला बघायचं होतं. त्यांनी मिठाची बरणी असायची तिथे हात नेला. तिथे काही नव्हतं. पलीकडे, तिथेही काही नाही. आपल्याच घरात वाट चुकलेल्या माणसाचं तोंड होतं ते. मग हात गॅसच्या बाजूला वळला, पातेल्याच्या दिशेने. पोर दारात उभी होती, दोन्ही हातांनी तोंड दाबून. तिने ठरवलं होतं ना, बोलायचं नाही म्हणून. शब्दाची पक्की.

"पुढे गरम आहे!" माझ्या तोंडून निघालं. "आत्याबाई, हात मागे घ्या. पातेलं आहे. ज्योत मोठी आहे."

हात थांबला. त्यांनी तो सावकाश पोटाशी घेतला.

"आणखी काय दिसतं?" त्यांनी विचारलं.

"मीठ... मीठ खिडकीत आहे. मी हलवलं. सुरी वर आहे."

"आणि पोर?"

"दारात आहे. तोंड दाबून उभी आहे. रडतेय."

"आणि तू?"

"मी ओट्याच्या टोकाला आहे," मी म्हणाले. "मी मघापासून इथेच आहे. मला खूप भीती वाटतेय, आत्याबाई. तिला काही झालं तर?"

"मलाही वाटते," त्या म्हणाल्या. "रोज वाटते. ती बोलत असली की ती कुठे आहे ते मला कळतं. गप्प झाली की मी गॅस बंद करते, मग भात कच्चा का राहीना. तुला कच्चा भात किती वेळा मिळाला, आठव."

मिळाला होता. मी त्यावरून नाकं मुरडली होती.

त्यांनी आवाजाच्या रोखाने माझ्याकडे तोंड वळवलं. "एक सांगशील? ती मला सगळं सांगते. कांद्याचा रंग सांगते, तुझं तोंड उतरलेलं सांगते. पण ती कशी दिसते ते तिने कधी सांगितलं नाही. मी आले तेव्हा नुसती धावणारी सावली होती. तू आई आहेस. तू सांग."

मी पोरीकडे पाहिलं. मी, तपासणीच्या टेबलावरची. डोळे काळे, असं म्हणायला गेले आणि ते काळे नव्हतेच. मी तशीच अडकले.

"मी सांगणार!" दारातून आवाज आला. "माझं तोंड आहे, मी सांगणार!" फौजदार गाल पुसत आत आली, स्टूल ओढलं, वर चढली आणि दुधाचं स्टीलचं फुगीर झाकण दोन्ही हातांनी आरशासारखं तोंडासमोर धरलं. "सांगते हं. तोंड रुंद आहे. नाक खूप मोठं, या बाजूपासून त्या बाजूपर्यंत. डोळे लांब लांब आहेत, दोन टोकांना. कपाळ नाहीच."

असं नाही गं, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. आत्याबाई मान कलती करून एकेक शब्द घेत होत्या. ते रुंद, बिनकपाळाचं तोंड त्यांना समोरच्या भिंतीवर दिसायला लागलं असावं, कारण त्या भिंतीकडे बघून हसल्या. इतक्या मायेने की मीही एकदा वळून त्या भिंतीकडे पाहिलं.

पातेल्यात साय फुगायला लागली होती. पोर गॅसच्या जवळ होती, मी लांब. माझा हात उठला. मी तो मुठीत घट्ट मिटून पाठीमागे घेतला.

"दूध काठाशी आलं," मी मोठ्याने म्हणाले.

"कळलंय," फौजदार म्हणाली आणि स्टुलावरून गॅसच्या बटणाकडे वाकली.