खिडकीखालचं सॉकेट

ही गोष्ट डॉक्टर स्वतःच सगळ्यांना सांगतो, आणि सुरुवात नेहमी एकाच वाक्याने करतो: "दहा दिवस मी गाढवासारखा वागलो." डॉक्टर हे त्याचं टोपणनाव. लॅपटॉपच्या चार्जरची दुरुस्ती करणाऱ्या माणसाला ते गिऱ्हाइकांनी दिलं, कारण चार्जर हातात घेण्याआधी हा माणूस आजाराची सगळी हकिगत विचारतो.

जिन्याच्या बाजूला त्याचं अरुंद दुकान आहे. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला बाहेर पडावं लागतं. गिऱ्हाइकांना तो पुठ्ठ्याचे नंबर देतो, आणि काउंटरवर प्लास्टिक चढवलेला एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर सात प्रश्न. पहिला, भिंतीतल्या सॉकेटला वीज येते का? दुसरा, दुसऱ्या सॉकेटला लावून पाहिलं का? मग प्लग, मग वायर, मग ठोकळा, मग पिन, आणि लॅपटॉपचा नंबर सगळ्यात शेवटी. घाईत असलेला माणूस थेट लॅपटॉप पुढे सरकवायला लागला की डॉक्टर हात मागे घेतो. "भिंतीपासून यायचं," असं म्हणतो आणि पहिला प्रश्न विचारतो. निम्मे लोक दुसऱ्या प्रश्नालाच कपाळाला हात लावून घरी परत जातात. या गोष्टीचा त्याला फार अभिमान. नाकावर माशी बसू देत नाही.

तर झालं असं की बायकोचा लॅपटॉप घरी चार्ज होईना. कधी दिवा लागे, कधी विझे. बॅटरी जुनी, वायर काढली की दहा मिनिटांत यंत्र मान टाकायचं. एरवी चाललं असतं, पण तिची मुलाखत होती, एका कंपनीच्या तक्रार विभागासाठी, लॅपटॉपवरून, गुरुवारी दुपारी तीन वाजता. मुलगी लहान असताना तिने नोकरी सोडली, त्याला पंधरा वर्षं झाली. या पंधरा वर्षांत तिला आलेला हा पहिलाच होकाराच्या जवळ जाणारा फोन.

डॉक्टरने काम हातात घेतलं. पहिल्या दिवशी मीटर लावून चार्जर तपासला. एकोणीस व्होल्ट, चोख. तरीही पिनेजवळ वायर मोडली असेल म्हणून नवी पिन बसवली. मग दुकानातला नवाकोरा चार्जर आणला. मग लॅपटॉप उघडून आतल्या चार्जिंगच्या जॅकला पुन्हा डाग दिला. प्रत्येक वेळी दुकानात नेलं की लॅपटॉप शहाण्यासारखा चार्ज व्हायचा, घरी आणला की पुन्हा रुसायचा. दुकानात चालतं आणि घरी चालत नाही, यातून कुणीही एकच निष्कर्ष काढला असता. डॉक्टरने काढला तो असा, की यंत्र त्याला घाबरतं.

"हॉलमधल्या सॉकेटमधून चरचर आवाज येतो," बायको दुसऱ्या दिवशीच म्हणाली होती. "आणि तिथला दिवाही मधूनच मिचकतो."

"बल्ब हलका आहे," तो म्हणाला. "या घराचं वायरिंग मी स्वतः केलंय."

हे वाक्य तो पाहुण्यांनाही ऐकवायचा. राहायला आल्यावर इलेक्ट्रिशियनला न बोलावता चार रविवार भिंती खोदून त्याने ते केलं होतं आणि त्याचा टेंभा आजवर मिरवत होता. बायकोने पुन्हा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं. चौथ्यांदा त्याने तिलाच विचारलं, "तू वायर ओढतेस का गं?" तेव्हापासून तिने सांगणं सोडलं. डॉक्टरला वाटलं, पटलं बहुतेक.

गुरुवारी सकाळी अकराला दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, एक निवृत्त शिंपी आणि एक नर्स. त्यांच्या मागे बायको येऊन उभी राहिली. खांद्याला लॅपटॉपची पिशवी. तिने खिळ्यावरचा पुठ्ठा काढून घेतला. तीन नंबर.

"तू इथे?" तो म्हणाला.

"माझा नंबर येऊ द्या, मग सांगते."

तिचा नंबर आला तोवर शिंप्याचं काम संपलं होतं, पण तो काही हलला नाही. नर्सही थांबली. डॉक्टरला आता कागदावरचे प्रश्न विचारण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"कुठल्या सॉकेटला लावता?" लोकांसमोर तो बायकोला अहो-जाहो करून बसला.

"हॉलमधल्या, खिडकीखालच्या."

"दुसऱ्या सॉकेटला लावून पाहिलं?"

"बेडरूममधल्या. तेही तसंच. त्याची वायर हॉलमधूनच पुढे नेलीय म्हणे. मग काल शेजारच्या काकूंकडे लावला. तासाभरात भरला."

"म्हणजे दोष घरच्या वायरिंगमध्ये आहे," डॉक्टर सवयीने म्हणाला. तोंडातून निघून गेलं. "कुणाला दाखवलं का?"

"दाखवलं की. दहा दिवस. ते म्हणतात, वायरिंग त्यांनी स्वतः केलंय."

शिंपी खोकला. डॉक्टरला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "चल," तो म्हणाला, "आत्ता घरी जाऊन उघडतो."

"आत्ता उघडाल आणि तीनपर्यंत सगळं घर अंधारात ठेवाल. मला दुरुस्ती नकोय. मला तुमचं सॉकेट हवंय."

पावणेतीनला त्याने तिला आपलं स्टूल दिलं, हत्यारं बाजूला केली, शटर अर्ध्यावर ओढलं आणि स्वतः बाहेर पायरीवर बसला. येणाऱ्या गिऱ्हाइकांना तोंडावर बोट ठेवून परत पाठवू लागला. आतून आवाज येत होते. कुणीतरी विचारलं, समोरचा माणूस तुमचं ऐकूनच घेत नसेल तर तुम्ही काय करता?

"एक तंत्रज्ञ आहेत," बायको म्हणाली. "हुशार आहेत. मी त्यांना चार वेळा दोष कुठे आहे ते सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही. मग लक्षात आलं, ते गिऱ्हाइकाचं प्रत्येक वाक्य ऐकतात. म्हणून मी त्यांच्या दुकानात जाऊन रांगेत उभी राहिले."

लॅपटॉपमधली माणसं हसली. पायरीवरच्या माणसाला हसू आलं नाही. त्याला लाज वाटली, चांगली सणसणीत.

संध्याकाळी मेन स्विच बंद करून त्याने खिडकीखालचं सॉकेट उघडलं. बायकोने टॉर्च धरला. एक स्क्रू त्याने बसवला होता, पण पुरता आवळलाच नव्हता. वायरीचं टोक काळं पडलं होतं आणि वरचं प्लास्टिक वितळून भिंतीला चिकटलं होतं. पडदा तिथून वीतभर. ती दहा दिवस रोज त्या सॉकेटशेजारी बसली होती, कारण तिथेच लावत जा असं त्यानेच तिला सांगितलं होतं.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

तिने मान हलवली. नोकरीचं उद्या कळणार होतं.

नवं सॉकेट बसवून, प्रत्येक स्क्रू दोनदा आवळून तो उठला. मग खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला आणि खिशातून पेन आणि एक चिठोरं काढलं. "घरात आणखी काय बिघडलंय, सांग."

बायकोने त्याच्या हातातल्या चिठोऱ्याकडे पाहिलं.

"मोठा कागद घ्या," ती म्हणाली.